एच.आय.व्ही. प्रतिबंध आणि सर्वेक्षणाचा सार्वजनिक निधी : अहमदनगर जिल्ह्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :

सार्वजनिक आरोग्यावरील खर्चाचा विचार करताना एक अडचण नेहमी समोर येते. रुग्णावर उपचार केल्यास त्याची नोंद होते, औषधाचे देयक तयार होते, बरा झालेला माणूस डोळ्यांना दिसतो. प्रतिबंधाचे तसे नाही. ज्या व्यक्तीला रोगाची लागण झाली नाही, तिला आपण वाचलो हे कळत नाही आणि तिची नोंदही कोणत्या वहीत होत नाही. त्यामुळे प्रतिबंधाचे यश न घडलेल्या गोष्टींत साठत जाते. अर्थसंकल्पाला मात्र घडलेल्या गोष्टींची भाषा कळते. या दोहोंमधील विसंगती एच.आय.व्ही.च्या बाबतीत जितक्या तीव्रतेने दिसते, तितकी ती अन्य रोगांच्या बाबतीत क्वचितच दिसते.

भारतात एच.आय.व्ही. प्रतिबंधासाठीचा निधी मुख्यतः आकड्यांच्या आधारे वाटला गेला. जेथे प्रमाण अधिक तेथे निधी अधिक, हे त्यामागील सूत्र होते. हे सूत्र वरवर पाहता न्याय्य वाटते. परंतु ते आकडे ज्या सर्वेक्षणातून येतात, ते सर्वेक्षणही त्याच निधीवर चालते. म्हणजे निधी आकड्यांवर अवलंबून आणि आकडे निधीवर अवलंबून, असे हे चक्र आहे. रोग वाढत असताना हे चक्र नीट फिरते. रोग ओसरू लागला की मात्र त्यात बिघाड होतो. हा बिघाड नेमका कोठे आणि कसा होतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात अहमदनगर जिल्ह्याच्या (२०२४ मध्ये जिल्ह्याचे अधिकृत नाव अहिल्यानगर झाले) संदर्भात करावयाचे आहे.

आकड्यांची जडणघडण :

भारतात एच.आय.व्ही.ची पहिली नोंद १९८६ मध्ये झाली. १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना अर्थात नॅको स्थापन झाली आणि जागतिक बँकेच्या ८.४ कोटी डॉलरच्या साहाय्याने राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाचा पहिला टप्पा सुरू झाला. १९९९ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यात राज्य पातळीवरील यंत्रणेला महत्त्व आले. महाराष्ट्र राज्य एड्स नियंत्रण संस्था १९९८ मध्येच अस्तित्वात आलेली होती. तामिळनाडू, आंध्र प्रदेश, कर्नाटक, मणिपूर व नागालँड यांच्याबरोबर महाराष्ट्राची गणना अधिक प्रादुर्भावाच्या सहा राज्यांत झाली.

१९९८ पासून देशात सेंटिनल पद्धतीचे सर्वेक्षण नियमितपणे होऊ लागले. ठराविक रुग्णालयांत, ठराविक तीन महिन्यांच्या काळात, प्रसूतिपूर्व तपासणीसाठी येणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने क्रमाने घेणे आणि नाव न जोडता त्यांची तपासणी करणे, ही त्याची पद्धत होती. एका केंद्रावर सर्वसाधारणपणे ४०० नमुने घेतले जात. गरोदर स्त्री ही सर्वसामान्य समाजाची प्रतिनिधी मानली जाई आणि तिच्यावरून जिल्ह्याचा, जिल्ह्यावरून राज्याचा अंदाज बांधला जाई. अशा केंद्रांची संख्या १९९८ मध्ये दोनशेच्या आत होती. २००६ पर्यंत ती अकराशेच्या पुढे गेली.

या विस्ताराचा परिणाम २००७ मध्ये दिसून आला. त्यापूर्वी देशात सुमारे ५२ लाख लोक एच.आय.व्ही. बाधित असल्याचा अंदाज होता. वाढलेली केंद्रे आणि २००५-०६ च्या तिसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत घरोघर झालेल्या रक्ततपासण्या यांच्या आधारे जुलै २००७ मध्ये हा अंदाज सुमारे २५ लाखांवर आणण्यात आला. या पाहणीत देशाचे प्रमाण ०.२८ टक्के आणि महाराष्ट्राचे ०.६२ टक्के आढळले. आकडा निम्म्याने उतरला याचा अर्थ निम्मे लोक रोगमुक्त झाले, असा नव्हता. मोजण्याची रीत सुधारली एवढाच त्याचा अर्थ होता. मोजणीवर खर्च केल्याशिवाय मोजणीतील चूकही कळत नाही, हा २००७ चा खरा धडा होय. दुर्दैवाने सार्वजनिक चर्चेत हा धडा मागे पडला आणि 'एड्सचे संकट फुगवून सांगितले गेले' एवढेच काय ते लक्षात राहिले.

चारशे नमुन्यांचे गणित :

निधी आणि आकडा यांचे नाते किती नाजूक असते, हे राष्ट्रीय कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यातील जिल्हा वर्गीकरणावरून स्पष्ट होते. २००७ ते २०१२ या काळातील या टप्प्यात देशातील जिल्ह्यांची अ, ब, क, ड अशी विभागणी करण्यात आली. ज्या जिल्ह्यातील कोणत्याही प्रसूतिपूर्व तपासणी केंद्रावर मागील तीन वर्षांत एक टक्क्याहून अधिक प्रमाण आढळले, तो जिल्हा 'अ' वर्गात गेला. अ आणि ब वर्गांतील जिल्ह्यांकडे अधिक यंत्रणा, अधिक मनुष्यबळ आणि अधिक निधी वळला. जिल्हा एड्स प्रतिबंध व नियंत्रण पथके याच टप्प्यात उभी राहिली.

आता ४०० नमुन्यांचे एक टक्का म्हणजे चार. एका केंद्रावर पाच स्त्रिया बाधित आढळल्या तर प्रमाण सव्वा टक्का होते आणि जिल्हा 'अ' वर्गात जातो. तीन आढळल्या तर ते पाऊण टक्का राहते आणि त्या केंद्रापुरता तरी जिल्हा त्या वर्गाबाहेर राहतो. लाखो लोकसंख्येच्या जिल्ह्यातील प्रतिबंधाची दिशा दोन स्त्रियांच्या रक्तनमुन्यांवर ठरू शकत होती. यात कोणाचा दोष नाही. लहान नमुन्यावर आधारलेल्या कोणत्याही अंदाजाची ती मर्यादा आहे. तीन वर्षांचा आणि सर्व केंद्रांचा विचार करण्याची तरतूद ही मर्यादा सौम्य करण्यासाठीच होती.

परंतु प्रमाण जसजसे कमी होते, तसतशी ही मर्यादा सौम्य न राहता गंभीर होत जाते. समजा, एखाद्या जिल्ह्यात गरोदर स्त्रियांमधील खरे प्रमाण एक टक्का आहे. तेथे ४०० नमुन्यांत एकही बाधित स्त्री न आढळण्याची शक्यता दोन टक्क्यांहूनही कमी असते. म्हणजे रोग असेल तर तो बहुधा दिसेलच. आता खरे प्रमाण ०.२ टक्के धरले, तर ४०० नमुन्यांत एकही बाधित स्त्री न आढळण्याची शक्यता जवळजवळ ४५ टक्के होते. रोग आहे, पण अंदाजे दोनातील एका वेळी अहवालात शून्य येईल. शेजारच्याच केंद्रावर त्याच वर्षी एक स्त्री आढळली, तर तेथील प्रमाण पाव टक्का होईल. पहिल्या केंद्राला 'रोगमुक्त' आणि दुसऱ्याला 'चिंताजनक' म्हणण्याचा मोह होईल. प्रत्यक्षात दोन्ही ठिकाणची स्थिती एकच असेल. एक टक्का प्रमाण असताना जेवढी स्पष्टता ४०० नमुन्यांतून मिळत होती, तेवढी ०.२ टक्के प्रमाण असताना मिळवायची तर सुमारे २,००० नमुने घ्यावे लागतील.

यातून निघणारा निष्कर्ष अर्थसंकल्पाच्या नेहमीच्या तर्काला उलटा आहे. रोग जितका विरळ, तितकी त्याची मोजणी अवघड आणि महाग. प्रतिबंध यशस्वी होत जातो तसतसा सर्वेक्षणावरील खर्च दर रुग्णामागे वाढला पाहिजे. प्रत्यक्षात 'आता रुग्ण कमी आहेत' या कारणाने तो कमी करण्याकडे कल असतो. गढूळ पाण्यात तळ दिसत नाही म्हणून काळजी घेणारा माणूस पाणी थोडे निवळताच काठी टाकून देतो, त्यातला हा प्रकार आहे.

निधीचा प्रवास :

निधी किती, याइतकाच तो कोणत्या वाटेने आणि केव्हा पोहोचतो, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. तिसऱ्या टप्प्यासाठी ११,५८५ कोटी रुपयांचा आराखडा होता आणि त्यातील सुमारे दोन तृतीयांश वाटा प्रतिबंधासाठी राखलेला होता. त्याच सुमारास खाजगी दानाचा मोठा ओघही महाराष्ट्रात आला. गेट्स प्रतिष्ठानच्या साहाय्याने २००३ मध्ये सुरू झालेला 'आवाहन' हा उपक्रम महाराष्ट्रासह अधिक प्रादुर्भावाच्या सहा राज्यांत आणि प्रमुख महामार्गांवर चालला. २००९ ते २०१३ या काळात त्यातील प्रकल्प टप्प्याटप्प्याने शासनाकडे सोपविण्यात आले. दाता कधी तरी जातो, हे त्यात गृहीतच होते. त्यामुळे दात्यानंतर तेच काम त्याच ताकदीने चालविण्याची जबाबदारी सार्वजनिक निधीवर आली.

नेमक्या त्याच वेळी सार्वजनिक निधीची वाट बदलली. २०१४-१५ पर्यंत केंद्राचा निधी थेट राज्य एड्स नियंत्रण संस्थांकडे जात असे. त्या वर्षापासून तो राज्याच्या कोषागारामार्फत पाठविण्यास सुरुवात झाली. हिशेबाच्या पारदर्शकतेच्या दृष्टीने या बदलाचे समर्थन करता येते. परंतु कोषागारातून संस्थेकडे आणि संस्थेकडून क्षेत्रीय प्रकल्पांकडे रक्कम पोहोचण्यास अनेक राज्यांत विलंब झाला. त्याच वर्षी एड्स नियंत्रणासाठीची १,७८५ कोटींची मूळ तरतूद सुधारित अंदाजात सुमारे १,३०० कोटींवर आली. पुढे हा कार्यक्रम संपूर्णपणे केंद्राच्या निधीवर चालणारी केंद्रीय क्षेत्र योजना झाला. १ एप्रिल २०२१ ते ३१ मार्च २०२६ या पाचव्या टप्प्यासाठी १५,४७१.९४ कोटी रुपये मंजूर झाले. रकमेचा आकडा वाढला हे खरे. परंतु तिसऱ्या टप्प्यानंतर उपचारांचा विस्तार झाला आणि २०१७ पासून निदान होताच औषधोपचार सुरू करण्याचे धोरण आले, हेही तितकेच खरे. उपचारांवरील खर्च टाळता येत नाही आणि टाळूही नये. एकूण रक्कम मर्यादित असताना ताण पडला की तो प्रथम प्रतिबंधावर आणि सर्वेक्षणावर पडतो, कारण त्यांच्या कपातीमुळे त्या दिवशी कोणीही रुग्णालयाच्या दारात उभे राहून तक्रार करीत नाही.

विलंबाचा अर्थ क्षेत्रीय पातळीवर वेगळाच असतो. समुपदेशक, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, सहकारी शिक्षक हे या कार्यक्रमाचे कणे कंत्राटी किंवा मानधनावर काम करतात. मानधन रखडले की अनुभवी माणूस अन्यत्र काम शोधतो. त्याच्याबरोबर वस्त्यांमधील वर्षानुवर्षांची ओळख आणि विश्वासही जातो. देहविक्रय करणारी स्त्री तपासणीला येते ती फलक वाचून नव्हे, तर ओळखीच्या व्यक्तीच्या शब्दावर. तो शब्द पुन्हा मिळविण्यासाठी कोणत्याही अंदाजपत्रकात शीर्ष नसते.

अहमदनगर जिल्हा : सरासरीत हरवणारे लोक :

क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा असलेला हा जिल्हा सुमारे १७,०४८ चौरस किलोमीटर क्षेत्रात पसरलेला असून २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या ४५ लाखांहून अधिक होती. चौदा तालुक्यांच्या या जिल्ह्यात दोन वेगळे प्रदेश एकत्र नांदतात. उत्तरेकडील राहाता, श्रीरामपूर, कोपरगाव, राहुरी, नेवासा, संगमनेर हा सिंचनाच्या पाण्यावर बहरलेला ऊसपट्टा होय. सहकारी साखर कारखानदारीचा पाया १९५० च्या सुमारास याच पट्ट्यात, प्रवरानगर येथे घातला गेला. दक्षिणेकडील पाथर्डी, शेवगाव, जामखेड, कर्जत हा अवर्षणप्रवण भाग आहे. उत्तरेला ऊसतोडीसाठी मजूर येतात. दक्षिणेतून ऊसतोडीसाठी मजूर बाहेर जातात. एकच जिल्हा एकाच हंगामात स्थलांतराचे आगमनस्थान आणि प्रस्थानस्थान असतो.

याशिवाय शिर्डीसारखे बारमाही वर्दळीचे तीर्थक्षेत्र, नगर-मनमाड, पुणे-नाशिक व नगर-कल्याण यांसारखे रहदारीचे मार्ग, मालमोटारींचे थांबे आणि औद्योगिक वसाहती यांमुळे जिल्ह्यातील लोकसंख्या सतत हालती असते. एच.आय.व्ही.च्या प्रसाराच्या दृष्टीने गतिशील लोकसंख्या महत्त्वाची असते, हे कार्यक्रमानेही मान्य केलेले आहे. मालमोटार चालक आणि स्थलांतरित मजूर यांना कार्यक्रमात जोखमीच्या गटांना सर्वसामान्य समाजाशी जोडणारा दुवा मानले जाते.

तथापि स्थलांतरितांसाठीचे उपक्रम मुख्यतः एकट्याने शहरात जाणाऱ्या पुरुषाला समोर ठेवून आखले गेले. ऊसतोड कामगार तसा स्थलांतर करीत नाही. तेथे नवरा-बायकोची जोडी म्हणजे 'एक कोयता' आणि मुकादमाकडून उचल घेतली जाते ती कोयत्याच्या हिशेबाने. दिवाळीच्या सुमारास हे कुटुंब गाव सोडते आणि हंगाम आटोपल्यावर उन्हाळ्यात परतते. मधले पाच-सहा महिने ते कारखान्याच्या परिसरातील पालांवर राहते, एका फडातून दुसऱ्या फडात जाते. स्त्री गरोदर असली तरी तिची तपासणी गावातील उपकेंद्रात होत नाही, कारण ती गावात नसते. कारखान्याच्या परिसरातील केंद्रातही ती बहुधा होत नाही, कारण एका दिवसाची रजा म्हणजे खाडा आणि खाड्याची रक्कम उचलीतून वळती होते.

सर्वेक्षणाची जी फेरी जानेवारी ते मार्च या काळात घेतली जाते, तिच्या वेळी पाथर्डी किंवा शेवगावमधील ऊसतोड करणारी स्त्री आपल्या तालुक्यात नसते. तिच्या तालुक्यातील केंद्रावर येतात त्या गावात राहिलेल्या स्त्रिया. दुसरीकडे खाजगी रुग्णालयात जाणाऱ्या स्त्रियांचाही या मोजणीत समावेश नसतो. म्हणजे जिल्ह्याची सरासरी काढली जाते तेव्हा तिच्यातून आर्थिकदृष्ट्या वरचा स्तर आणि सर्वांत तळचा स्तर असे दोन्ही निसटतात. वरच्या स्तराला पर्यायी सोयी उपलब्ध असतात. तळच्या स्तराला त्या नसतात. सर्वेक्षणातून सुटलेली ही स्त्री निधीच्या वाटपातूनही सुटते, कारण जे मोजले जात नाही त्यासाठी तरतूद होत नाही. पुढच्या वर्षी तरतूद नसल्यामुळे ती पुन्हा मोजली जात नाही. प्रारंभी उल्लेखिलेले चक्र येथे पूर्ण होते.

सर्वेक्षणाच्या पद्धतीत काळानुसार सुधारणा झाल्या आहेत, हे येथे नमूद केले पाहिजे. प्रत्येक गरोदर स्त्रीची नियमित तपासणी आणि तिची आकडेवारी यांचा वापर आता अंदाज बांधताना वाढला आहे. जिल्हानिहाय अंदाजही प्रसिद्ध होऊ लागले आहेत. ४०० नमुन्यांची उणीव यामुळे बऱ्याच अंशी भरून निघू शकते. परंतु नियमित तपासणी ही चाचणीसंचांच्या अखंड पुरवठ्यावर, तंत्रज्ञाच्या उपस्थितीवर आणि ती स्त्री केंद्रापर्यंत पोहोचण्यावर अवलंबून असते. या तीनही गोष्टी पुन्हा निधीच्याच आहेत. पद्धत सुधारली तरी परावलंबन संपलेले नाही.

जिल्ह्याचा स्वतःचा अनुभव :

या प्रश्नाकडे पाहण्याची वेगळी दृष्टी याच जिल्ह्यात उपलब्ध आहे. डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेड येथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातील अल्पशिक्षित, अनेकदा निरक्षर स्त्रियांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून घडविणे हे त्याचे वैशिष्ट्य होते. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यातील एक गोष्ट लक्षणीय आहे. तेथे आरोग्याची माहिती गावातच गोळा होत असे आणि गावातच वापरली जात असे. कोणते मूल अशक्त आहे, कोणती स्त्री गरोदर आहे, कोणाला कुष्ठरोगाची चिन्हे आहेत, हे तिथल्याच स्त्रीला ठाऊक असे आणि त्यावर कृतीही तीच करीत असे. मोजणी आणि सेवा यांच्यात अंतर नव्हते.

नगर शहरात १९८९ मध्ये डॉ. गिरीश कुलकर्णी यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या 'स्नेहालय' या संस्थेने देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया, त्यांची मुले आणि एच.आय.व्ही. बाधित बालके यांच्यामध्ये काम उभे केले. ज्यांची नोंद शासकीय दप्तरात 'उच्च जोखीम गट' अशी होते, त्यांना येथे आई, मूल, विद्यार्थी म्हणून ओळखले गेले. विश्वास ही सर्वेक्षणाची पूर्वअट आहे, हे या कामावरून ध्यानात येते.

तथापि या दोन उदाहरणांचा आधार घेऊन शासनाने आपली जबाबदारी स्वयंसेवी संस्थांवर ढकलावी, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. जामखेडचे काम काही गावांपुरते आणि एका ध्येयवादी दांपत्याच्या आयुष्यभराच्या श्रमांवर उभे राहिले. लोकवर्गणी व देणग्या यांच्या बळावर संस्था बालकांना आश्रय देऊ शकते. ४५ लाखांच्या जिल्ह्याचे अखंड सर्वेक्षण ती करू शकत नाही. संस्थांकडून शासनाने पद्धत घ्यावी आणि खर्च स्वतः उचलावा, हा योग्य क्रम होय.

कायद्याची भाषा :

निधीची अनिश्चितता केवळ अंदाजपत्रकात नाही, ती कायद्याच्या शब्दांतही आहे. एच.आय.व्ही. आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम २०१७ मध्ये संमत झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलात आला. भेदभावाला मनाई, चाचणीपूर्वी माहितीपूर्ण संमती, गोपनीयता आणि माहितीचे संरक्षण या तरतुदींमुळे हा कायदा मोलाचा आहे. गोपनीयतेची हमी असल्याशिवाय कोणीही स्वेच्छेने तपासणीस येणार नाही. त्या अर्थाने हा कायदा सर्वेक्षणाचाही आधार आहे.

परंतु याच अधिनियमाच्या चौदाव्या कलमात निदानाच्या सोयी, विषाणूरोधक औषधोपचार आणि संधिसाधू आजारांवरील उपचार पुरविण्याच्या शासकीय कर्तव्याला 'शक्यतोवर' अशा अर्थाची पुस्ती जोडलेली आहे. विधेयकाच्या चर्चेच्या वेळीही या शब्दांवर आक्षेप घेतला गेला होता. उपचारांच्या संदर्भात या आक्षेपाची चर्चा झाली. निदानाच्या संदर्भात ती व्हावी तितकी झाली नाही. वास्तविक निदान हाच सर्वेक्षणाचा आणि प्रतिबंधाचा पाया आहे. 'शक्यतोवर' हा शब्द ज्या वर्षी निधी पुरेसा असेल त्या वर्षी निरुपद्रवी असतो. ज्या वर्षी निधी अपुरा असेल, त्या वर्षी तोच शब्द कपातीचे समर्थन बनतो. कर्तव्याचे मोजमाप गरजेने न होता शिलकीने होऊ लागते.

एका आक्षेपाचा विचार :

येथे एक गंभीर आक्षेप विचारात घेणे आवश्यक आहे. क्षयरोग, रक्तक्षय, कुपोषण, मधुमेह यांनी ग्रासलेल्या समाजात एका रोगासाठी स्वतंत्र यंत्रणा आणि स्वतंत्र निधी का असावा? परदेशी दात्यांच्या प्राधान्यक्रमामुळे एड्सला अवाजवी महत्त्व मिळाले आणि प्राथमिक आरोग्यसेवा उपेक्षित राहिली, अशी टीका पूर्वीपासून होत आली आहे. या टीकेत तथ्य आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात साधी औषधे नसताना एकाच रोगाचे स्वतंत्र दालन उभारणे हे नियोजनाचे यश म्हणता येणार नाही.

तथापि या टीकेतून कपातीचे समर्थन निघत नाही. त्यातून एकात्मीकरणाची मागणी निघते. क्षयरोगाची आणि एच.आय.व्ही.ची तपासणी एकमेकांशी जोडणे, गरोदर स्त्रीची एच.आय.व्ही., उपदंश व रक्तक्षय यांची तपासणी एकाच वेळी करणे, हे त्या मागणीचे व्यवहारातील रूप होय. एकात्मीकरणाच्या नावाखाली जबाबदार कर्मचारीच नाहीसा झाला, तर ते एकात्मीकरण नसून विसर्जन ठरते. शिवाय प्रश्न अद्याप लहान झालेला नाही. २०२३ च्या राष्ट्रीय अंदाजानुसार प्रौढांमधील प्रमाण ०.२० टक्के असले, तरी देशात २५ लाखांहून अधिक लोक एच.आय.व्ही.सह जगत होते. २०२१ च्या अंदाजानुसार महाराष्ट्रात ही संख्या ३.९४ लाख, म्हणजे देशात सर्वाधिक होती. टक्केवारी लहान आणि माणसे पुष्कळ, अशी ही स्थिती आहे.

कपातीचे परिणाम काय होतात, याचे दर्शन २०२५ मध्ये जगाला झाले. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत स्थगित केली. त्यामुळे आफ्रिकेतील अनेक देशांत एच.आय.व्ही. प्रतिबंधाची कामे अडचणीत आली. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच मदतीवर चालणारा, अनेक विकसनशील देशांत लोकसंख्या व आरोग्य पाहण्या घडविणारा कार्यक्रमही थांबविण्यात आला. म्हणजे सेवेबरोबर मोजणीही थांबली. अमेरिकेच्या २०२६ या वित्तीय वर्षाच्या अध्यक्षीय अर्थसंकल्प प्रस्तावात तर तेथील राज्यांना निधी देणाऱ्या संघीय रोगनियंत्रण केंद्राचे एच.आय.व्ही. प्रतिबंधाचे कामच बंद करण्याचा विचार मांडला गेला. श्रीमंत राष्ट्रातही प्रतिबंध आणि सर्वेक्षण यांवरच प्रथम घाव येतो, हे यावरून दिसते. भारताचा कार्यक्रम बहुतांशी स्वतःच्या निधीवर चालतो, ही त्या तुलनेत समाधानाची बाब आहे. परंतु स्वतःचा निधी म्हणजे स्थिर निधी नव्हे, हे २०१४-१५ च्या अनुभवाने दाखवून दिलेले आहे.

समारोप :

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष मांडता येतात. पहिला असा की, सर्वेक्षणाचा निधी प्रतिबंधाच्या आणि उपचाराच्या निधीपासून वेगळा व सुरक्षित असला पाहिजे, आणि तो रोगाच्या प्रमाणाशी निगडित असता कामा नये. प्रमाण उतरले म्हणून तो उतरू नये, उलट विरळ रोग शोधण्यासाठी तो पुरेसा ठेवावा. दुसरा असा की, निधीचे वाटप केवळ आढळलेल्या प्रमाणावर न करता लोकसंख्येची गतिशीलता, हंगामी स्थलांतर आणि तपासणीतून सुटणाऱ्यांची संख्या यांचाही त्यात विचार व्हावा. तिसरा असा की, अहमदनगरसारख्या जिल्ह्यात गणनेचे वेळापत्रक ऊसतोडीच्या वेळापत्रकाशी जुळविणे आणि साखर कारखान्यांच्या परिसरातील पालांवर जाऊन सर्व गरोदर स्त्रियांच्या एकत्रित तपासण्या करणे आवश्यक आहे. त्यासाठी नवी संस्था निर्माण करण्याची गरज नाही. आशा कार्यकर्ती, उपकेंद्र आणि कारखाना यांना जोडणारी जबाबदारी निश्चित केली तरी पुरे. चौथा असा की, कायद्यातील 'शक्यतोवर' या पुस्तीतून किमान निदानाची सोय वगळण्यात यावी.

प्रतिबंधाच्या यशाची मोजदाद शेवटी एका साध्या प्रश्नाने करता येईल. दिवाळीनंतर पाथर्डीहून निघालेल्या कोयत्यातील गरोदर स्त्री उन्हाळ्यात गावी परतेपर्यंत एकदा तरी तपासली गेली काय? ती तपासली गेली असेल, तर जिल्ह्याच्या अहवालातील शून्यावर विश्वास ठेवता येईल. तपासली गेली नसेल, तर तो शून्य तिच्यापर्यंत कोणी पोहोचले नाही, एवढेच सांगतो. अशा शून्याच्या आधारे निधी कमी करणे म्हणजे ज्या घरी गणनेसाठी कोणी गेलेच नाही, ते घर रिकामे आहे असे समजणे होय.